‘हजेरी ऐच्छिक आहे, फक्त सही करून जा’

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करणारा तरुण विचारतो: दर महिन्याला कामाच्या वेळेत बाहेरच्या एका मंचाची माणसं येतात. मंचाला पैसे उद्योजकांचेच. ‘आपला उद्योग, आपलं मत’ अशा धर्तीचं तासाभराचं सादरीकरण होतं, शेवटी क्यूआर कोड दाखवून फॉर्म भरायला सांगतात आणि त्यात मतदार ओळखपत्राचा क्रमांकही मागतात. पक्षाचं नाव कुणी घेत नाही. एचआर म्हणतं, हजेरी ऐच्छिक आहे, फक्त सही करून जा. हे कायद्यात बसतं का? युनियनही प्रचार करतेच, मग फरक काय? आणि मी करू काय?

आधी माझी ओळख सांगतो, कारण या उत्तराशी तिचा संबंध आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि नंतर वागळे इस्टेटमध्ये मिळून माझी तीस-एक वर्षं पर्सोनेल खात्यात गेली. ‘एचआर’ हे नाव मागाहून आलं; दारावरची पाटी बदलली, टेबल तेच राहिलं. आता निवृत्त आहे, करारांच्या वाटाघाटीत कधी व्यवस्थापनाला, कधी युनियनला सल्ला देतो. आणि असली सत्रं मी स्वतः भरवलेली आहेत.

१९९० च्या दशकाच्या शेवटी आमच्या रसायन कारखान्यात उद्योजकांच्या एका मंडळातर्फे कामगार प्रबोधनाची व्याख्यानमाला आली. जनरल शिफ्ट सुटण्याआधीचा तास, कॅंटीनमध्ये खुर्च्या मांडलेल्या, वर चहा आणि बटाटावडा. वक्ते चांगले बोलायचे. बाहेरचा स्वस्त माल, विजेचे दर, कुठल्या राज्यात कारखाने येतात आणि कुठून जातात, असे विषय. निवडणूक तोंडावर होती, पण पक्षाचं नाव कुणी घेतलं नाही. मी दाराशी रजिस्टर घेऊन बसायचो. खरं सांगतो, ते रजिस्टर वड्यांसाठी होतं. कॅंटीनचा कंत्राटदार दीडशे माणसांचं बिल लावायचा आणि खाणारी असायची नव्वद. त्याला पकडायला मी सह्या घेत होतो.

पुढच्या वर्षी सीनिअर ऑपरेटरच्या काही जागा भरायच्या होत्या. युनिट हेडने सहज विचारलं, ‘ते व्याख्यानांचं रजिस्टर आहे ना तुमच्याकडे?’ एवढंच. मी ते नेऊन दिलं. बॉयलरवरचा एक ऑपरेटर एकाही व्याख्यानाला आलेला नव्हता. येणार कसा? चालू बॉयलर सोडून माणसाला हलता येत नाही. तरीही त्याच्या नावापुढे ‘सहभाग कमी’ हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. मला तो लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना काय बघायचं आहे ते मी ओळखलं होतं, आणि ते ओळखण्याचाच मला पगार मिळत होता.

म्हणून तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकली ती ‘फक्त सही’. भाषण नंतर.

भाषणाचं म्हणाल, तर या कामाची पद्धतशीर बांधणी अमेरिकेत झाली. बिपॅक नावाची, उद्योगांच्या पैशावर चालणारी संस्था तिथे १९६३ साली उभी राहिली. २००० च्या सुमारास तिने कंपन्यांना तयार संचच द्यायला सुरुवात केली: लोकप्रतिनिधींची प्रगतिपुस्तकं, मतदार नोंदणीची सोय, कर्मचाऱ्यांना पाठवायचे मजकूर. वर नाव कंपनीचं, आतला माल संस्थेचा. मात्र अमुक उमेदवाराला मत द्या असं उघड सांगायचं झालं, तर ते भागधारक आणि वरच्या अधिकाऱ्यांपुरतंच सांगता येत असे. २०१० साली सिटिझन्स युनायटेड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या राजकीय खर्चावरची बंधनं उठवली आणि साध्या कामगारापर्यंतचा रस्ता मोकळा झाला. दोनच वर्षांत, २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, कोक (Koch) उद्योगसमूहाच्या जॉर्जिया-पॅसिफिक या कागद कंपनीच्या ४५ हजारांवर कर्मचाऱ्यांना घरपोच पाकीट गेलं. त्यात कंपनीचा पाठिंबा असलेल्या उमेदवारांची यादी होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओहायोतल्या मरे एनर्जीच्या कोळसा खाणीवर रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांची सभा झाली. त्या दिवशी खाण बंद ठेवली, कामगारांचा त्या दिवसाचा पगार बुडाला. बोंब झाल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्याने जो खुलासा केला त्याचा मराठीत अर्थ असा: हजेरी सक्तीची होती, पण येण्याची जबरदस्ती कुणावर केली नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, आणि मग हसू थांबलं. आमच्या गेटवर मी हेच बोलत होतो, जरा सोज्वळ मराठीत.

पुढे तिथल्या काही राज्यांनी उपाय केला. ओरेगॉनने २००९ मध्ये आणि कनेक्टिकटने २०२२ मध्ये कायदा केला की, मालकाच्या राजकीय किंवा धार्मिक विषयावरच्या सभेला न बसणाऱ्या कामगाराला शिक्षा करता येणार नाही. सभा घ्या, पण उठून जाणाऱ्याचं वाकडं करू नका. आपल्याकडे असा कायदा नाही. इथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं.

कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून, कुणीतरी धोरणांवर भाषण देतो हा आपल्याकडे गुन्हा नाही. तो असावा असंही मला वाटत नाही. उद्योगांनी आपलं म्हणणं लोकांपुढे मांडण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ सुरू केलं. त्यांच्या छोट्या पुस्तिका आमच्या कारखान्याच्या वाचनालयातही पडलेल्या असत. नानी पालखीवाला यांची अर्थसंकल्पावरची भाषणं तर इतकी गाजली की त्यांना ब्रेबॉर्न स्टेडियम घ्यावं लागलं. पण पुस्तिकेवर नाव छापलेलं असे, बाजू कुठली ते पहिल्या पानावर कळे, आणि ती टेबलावर तशीच ठेवून निघून गेलं तरी कुणी टिपून घेत नसे. स्टेडियमवर पालखीवालांना ऐकायला लोक आपल्या पायांनी जात, कंपनीच्या बसने नव्हे.

तुमच्या सत्रात मंचाचा सगळा उपयोग नेमका याच्या उलट कामासाठी आहे. तेच बोलणं कंपनीच्या मालकाने केलं तर तुम्ही म्हणाल, त्याचा स्वार्थ आहे. बाहेरच्या ‘नागरिक मंचा’ने केलं की ते ज्ञान होतं. पण पुढच्या खुर्चीत युनिट हेड बसलेला असतो आणि मागच्या बाजूला एचआरची मुलगी टॅब घेऊन उभी असते. म्हणजे बोलणं त्रयस्थाचं आणि वजन पगार देणाऱ्याचं. दोन्ही एकत्र येतात तेव्हाच ते चालतं. मंचाने हेच सत्र रविवारी गडकरी रंगायतनच्या बाहेर मांडव घालून ठेवलं, तर किती माणसं येतील?

आता सादरीकरणातला मजकूर. पक्षाचं नाव न घेण्यात फार सफाईची गरज नसते. मुद्दे निवडले की काम झालं. दहा धोरणं घ्यायची, प्रत्येकासमोर हिरवा किंवा लाल ठिपका. विजेचा दर, पाणीपट्टी, मालमत्ता कर, कामगार संहिता, शिळफाट्याची कोंडी. यातलं बरंचसं खरं असतं, हे मान्य करा. एमआयडीसीचं पाणी एक दिवस बंद राहिलं तर प्लांट थांबतो आणि तुमचा ओव्हरटाइमही जातो. तिथे कंपनीचं आणि तुमचं हित एकच आहे. पण किमान वेतन, कंत्राटी कामगारांना कायम करणं, ईएसआयची मर्यादा, ग्रॅच्युइटी यांवर ठिपका दिसत नाही. पुढच्या सत्रात हात वर करून एवढंच विचारा की, हे दहा मुद्दे कुणी निवडले? वाद घालू नका. उत्तर कसं येतं त्यावरून मंच कसा आहे ते कळेल.

कधीकधी आणखी एक वाक्य येतं: ‘धोरण बदललं नाही तर प्लांट गुजरातेत दहेजला हलवावा लागेल.’ या पट्ट्यातल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती तो रोज बसमधून बघतो. मतदाराला कोणत्याही प्रकारची इजा करण्याची धमकी देऊन मताच्या हक्कात ढवळाढवळ करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली ‘गैरवाजवी प्रभाव’ ठरतो. कलम १७४ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत १७१सी होतं. पण ‘बाजार असा आहे’ असं भाकीत करणं आणि ‘तुम्ही असं मत दिलंत तर तुमची नोकरी जाईल’ असं धमकावणं यांच्यामधली जागा रुंद आहे, आणि पगारी वक्ते त्या जागेतच उभे राहून बोलतात. माझ्या अनुभवात अशा तक्रारी वाक्याच्या नेमक्या शब्दांवर अडतात. म्हणून ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह, त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

पैशाकडेही बघा. कंपनी कायदा २०१३ चं कलम १८२ राजकीय देणग्यांचं आहे. बहुतेकांना त्यातला पक्षाला दिलेला चेक तेवढा माहीत असतो. पण त्याच कलमात असंही म्हटलं आहे की, एखाद्या पक्षाला मिळणाऱ्या लोकांच्या पाठिंब्यावर परिणाम होण्याची वाजवी शक्यता आहे अशी कामं करणाऱ्या व्यक्तीला, ते माहीत असूनही कंपनीने पैसे दिले, तर तीही राजकीय देणगीच धरली जाईल. म्हणजे संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि ती रक्कम हिशेबात दिसायला हवी. २०१७ साली वित्त कायद्याने यातली नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती आणि कुणाला दिलं ते सांगण्याची अटही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही बदल रद्द केले. सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाच्या नियमांतही पक्षाला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष दिलेली रक्कम बसत नाही. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर वार्षिक अहवाल कुणालाही बघता येतो. मंचाचं नाव त्यात कुठल्या शीर्षकाखाली येतं ते शोधा. ‘प्रशिक्षण’ किंवा ‘कर्मचारी कल्याण’ या शीर्षकाखाली सापडलं, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

या विषयात मुंबई उच्च न्यायालय फार आधी बोलून गेलं आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात (कंपनीची उद्दिष्टं सांगणाऱ्या दस्तऐवजात) बदल करायचा होता. ते प्रकरण १९५७ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात अडचण नाही म्हणून परवानगी त्यांनी दिली, पण हा प्रकार लोकशाहीला घातक ठरू शकतो असा इशाराही निकालातच लिहून ठेवला.

युनियनचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं केलंत, कारण प्रत्येक एचआरवाला (मीही) तोच बचाव करतो. युनियन राजकारण करते, उघड करते. गेट मीटिंगला झेंडा कुठला ते लांबून दिसतं. पण १९२६ साली, इंग्रजांच्या काळात, ट्रेड युनियन कायदा झाला तेव्हाच त्यात कलम १६ होतं: राजकीय कामासाठी युनियनने वेगळा फंड ठेवायचा, त्यात वर्गणी द्यायची सक्ती सभासदावर करायची नाही, आणि जो देणार नाही त्याला युनियनच्या कुठल्याही फायद्यातून वगळायचं नाही, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला. पण शंभर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना एवढं समजत होतं की, माणसाच्या भाकरीशी जोडलेल्या संस्थेने राजकारण केलं तर न येणाऱ्याला संरक्षण लागतं. मालकाच्या बाबतीत मात्र तसं वाक्य कुणी लिहिलं नाही. राजकीय मतावरून नोकरीत भेदभाव नको म्हणणाऱ्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १११ क्रमांकाच्या कराराला भारताने १९६० मध्ये मान्यता दिली खरी, पण तो दाखवून खासगी कंपनीतला शेरा खोडून मिळालेला मी पाहिलेला नाही. आणि गंमत बघा, बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या आणि शिस्तीच्या नियमांत, आवारात परवानगीशिवाय पत्रकं वाटणं हे गैरवर्तन असतं. कामगाराने तेच ठिपके उलटे करून कॅंटीनमध्ये वाटले तर त्याला चार्जशीट.

कंत्राटी कामगारांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. पण तुमच्या कॅंटीनमध्ये मागच्या ओळीत बसलेले तेच असतील. त्यांना उठून जायचा पर्यायच नसतो. ठेकेदार सांगतो, ते येतात. एरवी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. मालकाला दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच, आणि तो ठेकेदाराला परवडतो. ठाणे लोकसभा मतदारसंघात, म्हणजे ऐरोली-बेलापूर धरून, २० मे २०२४ ला मतदान झालं. त्यानंतर वेतनाच्या एका वादात दोन ठेकेदारांचे मस्टर माझ्यासमोर आले. एकात त्या दिवशी सगळे हजर, दुसऱ्यात सगळ्यांची बिनपगारी रजा. दोघांच्याही कामगारांना आधीच्या महिन्यात ‘मताचं मोल’ या विषयावर व्याख्यान मिळालं होतं.

आता मतदार ओळखपत्राचा क्रमांक. तो देऊ नका. त्यावरून तुमचा यादीतला भाग आणि मतदान केंद्र कळतं, आणि सोबत पद, विभाग आणि मोबाइल नंबर असला की प्रचारकाला हवी ती यादी तयार. तुम्ही कुणाला मत दिलं हे मात्र त्यातून कळत नाही, ही भीती मनातून काढून टाका. केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, पण एका केंद्रावर शेकडो मतदार असतात. तुमच्या खात्यातली माणसं दिवा, कळवा, कल्याण, पनवेल अशी विखुरलेली राहतात, तेव्हा आकड्यांवरून कंपनीला काही ताळा लागत नाही. कुणाला मत दिलं हे सांगायला कायद्याने कुणीही तुम्हाला भाग पाडू शकत नाही. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीचा फोटो मागणारा सुपरवायझर भेटला तर तो सरळ गुन्ह्याच्या वाटेवर आहे. त्याच्याशी बोलत बसू नका.

शाई लावलेल्या बोटाचा फोटो ही जरा अडचणीची जागा आहे. २०२२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीआधी खुद्द निवडणूक आयोगाने हजारावर कंपन्यांशी करार केले होते, मतदान न करणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावण्यासाठी. हेतू मतदान वाढवण्याचा. मला ते तेव्हाही पटलं नाही. मतदान करणं सक्तीचं नसलेल्या देशात मत दिलं की नाही याची नोंद मालकाच्या हाती द्यायची, म्हणजे पुन्हा रजिस्टर आलंच. पण हा माझा कल झाला. असा फोटो तुम्ही हौसेने ग्रुपवर टाकत असाल तर टाका.

करायचं काय, तर माझा सल्ला भित्रा वाटेल. सत्राला जा. एकट्याने बहिष्कार टाकून तुमच्या नावापुढे शेरा लागण्यापलीकडे काही घडणार नाही. युनियन असेल तर हा मुद्दा तिच्या मार्फत मांडा: सत्राच्या हजेरीचा बढती, ओव्हरटाइम आणि मूल्यमापनाशी संबंध नसेल, एवढं एक कलम पुढच्या तीन वर्षांच्या करारात घालून घ्या. मी अलीकडे एका करारात ते घातलं. व्यवस्थापनाने फार विरोधही केला नाही, कारण विरोध करायचा म्हणजे संबंध आहे हे कबूल करावं लागलं असतं. आचारसंहिता लागू असेल आणि सत्रात उमेदवाराचा उघड प्रचार झाला, किंवा मुद्रक-प्रकाशकाचं नाव नसलेली निवडणुकीची पत्रकं वाटली गेली, तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन किंवा निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार हा मार्ग आहे. बाकी वर्षभर तो उपयोगाचा नाही.

आणि एचआरला एक मेल लिहा. सूर तक्रारीचा नको, माहिती विचारल्यासारखा ठेवा. मी असा लिहिला असता: ‘दिनांक अमुकच्या सत्राला मी उपस्थित होतो. फॉर्ममध्ये मागितलेला मतदार ओळखपत्राचा क्रमांक मी देऊ इच्छित नाही. ही माहिती कोणत्या कामासाठी घेतली जाते, कंपनीबाहेर कोणाला दिली जाते व किती काळ ठेवली जाते, तसेच हजेरीपत्रक मूल्यमापनासाठी वापरले जाते काय, हे कृपया लेखी कळवावे.’ कुणाला कॉपी मारू नका. मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावरही पाठवू नका, नाहीतर कंपनीची माहिती बाहेर नेल्याचा ठपका येईल. एक प्रत छापून घरी ठेवा. मी त्या टेबलामागे होतो तेव्हा अशी दोन पत्रं माझ्याकडे आली होती. दोन्हींना मी लेखी उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या पत्रानंतर कॅंटीनच्या दारातलं रजिस्टर मी उचललं, आणि वडे पुन्हा मोजून द्यायला लागलो.